चित्राचं वजन



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते चित्रकलेचे शिक्षक होते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांतली कितीतरी मुलं त्यांनी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएटच्या परीक्षांना बसवली. त्यांतली काही आज केस पांढरे होऊन समोर बसली आहेत. म्हणून सहकार, पाणी आणि संतवाङ्मय या इथल्या हक्काच्या विषयांना एक संध्याकाळ रजा देऊन मी अ‍ॅनिमेशनवर बोलणार आहे. निम्म्या सभागृहाच्या चेहऱ्यावरचा प्रश्न मला इथून वाचता येतो. कार्टूनवर तासभर बोलण्यासारखं असतं तरी काय? पोरगं जेवेना की मोबाइलवर लावून देतो, तेच ना?

तेच. आणि माझा पहिला प्रश्न तिथूनच सुरू होतो. त्या पोराचा घास तोंडाशी का थांबतो? पोराचं सोडा, ‘टॉम अँड जेरी’ लागलं की खुर्चीत पेपर वाचणारे आजोबासुद्धा चष्मा वर करून दोन मिनिटं बघतात, आणि कुणाचं लक्ष गेलं की घाईनं पेपरात डोकं घालतात. १९४० सालापासून तो बोका त्याच उंदरामागं धावतो आहे. गोष्ट पाठ आहे, कोण हरणार तेही पाठ आहे. तरी आपण बघतो. का बघतो?

रंग असतात म्हणून, असं कुणी म्हणेल. पण काळ्या-पांढऱ्या काळातली कार्टूनंही लोकांनी अशीच पाहिली. हलतं म्हणून? हलतं तर काय, छताला पंखाही हलतो आहे. त्याच्याकडे कुणी तासभर बघत नाही. व्याख्यान रटाळ झालं तर गोष्ट वेगळी.

मला सापडलेलं उत्तर असं आहे. कॅमेऱ्यासमोर एक नट चहा पितो. कपातून वाफ निघते, त्याच्या शर्टाला चुणी पडते, घोट घेताना पापणी मिटते. यातलं बरंचसं दिग्दर्शकाला फुकट मिळतं. अ‍ॅनिमेशनमध्ये फुकट काही मिळत नाही. पापणी मिटायची असेल तर ती कुणीतरी मिटवावी लागते. कधी मिटवायची, किती वेळ मिटलेली ठेवायची, उघडताना घाईनं उघडायची की आळसावून, हे सगळं कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. पडद्यावर एका सेकंदाला चोवीस फ्रेम जातात. दर दोन फ्रेमना एक चित्र धरलं तरी सेकंदाला बारा चित्रं, मिनिटाला सातशे वीस. दहा मिनिटांची फिल्म म्हणजे सात हजार दोनशे चित्रं, आणि ही फक्त एका पात्राची. त्या प्रत्येक चित्रात कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं. आपण अ‍ॅनिमेशन बघतो तेव्हा आपण दुसऱ्या माणसाचं लक्ष बघत असतो. कुणीतरी एखाद्या गोष्टीकडे इतकं टक लावून पाहिलेलं असतं, की ते लक्ष आपल्यालाही ओढून घेतं. ही ओढ तीन वर्षांच्या पोराला कळते. समजावून सांगता येत नाही, एवढंच.

आता ही कारागिरी नेमकी कशात असते? हाताची सफाई लागतेच, पण ती सरावानं येते. खरी अवघड गोष्ट आहे वजन. कागदाला वजन नसतं, पडद्याला नसतं, आणि तरी चित्रातला हत्ती हत्तीसारखा पडला पाहिजे, पीस पिसासारखं. हे वजन आणायचं कुठून?

त्यासाठी तुम्हाला कुठल्याही परदेशी पुस्तकाची गरज नाही. गाळपाचा हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, कुठल्याही कारखान्याच्या रस्त्याला दहा मिनिटं उभं राहा. रिकामी बैलगाडी फडाकडे चाललेली असते आणि भरलेली कारखान्याकडे. रिकाम्या गाडीचा बैल मान वर ठेवून चालतो. शेपटी चालू असते, खूर उचलला की लगेच पुढं पडतो. भरल्या गाडीचा बैल पाहा. मान खाली, जू खांद्यावर रुतलेलं. पुढचा पाय टेकतो, क्षणभर काहीच घडत नाही, आणि मग सगळं अंग त्या पायावर येतं. चढ असेल तर खूर आधी थोडा मागं घसरतो आणि मग धरतो. तो ‘क्षणभर काहीच घडत नाही’ जो आहे ना, तिथं सगळी कला आहे. नवशिका चित्रकार गाडीवर ऊस वाढवत जातो आणि म्हणतो, बघा किती जड झाली. अनुभवी माणूस ऊस तेवढाच ठेवतो आणि बैलाच्या पावलात चार फ्रेम वाढवतो.

त्याच फडात उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणारी बाई असते. पाय टाकण्याआधी ती तळव्यानं फळी चाचपते. मान जराही हलत नाही, सगळा हिशेब कंबर करते. आमच्या धंद्यात चालण्याचे चार टप्पे शिकवतात: कॉन्टॅक्ट, डाउन, पासिंग आणि अप. पाय टेकला, अंग खाली गेलं, मागचा पाय पुढच्याला ओलांडून गेला, अंग वर आलं. साधं पाऊल साधारण बारा फ्रेमचं असतं. ओझ्याचं पाऊल अठरा-वीसचं होतं आणि त्यातला ‘डाउन’ लांबतो, कारण अंगाला खालून वर यायला कष्ट पडतात. शिकवायला ही एवढीच गोष्ट आहे, पण बीड-अहिल्यानगरकडून आलेली ती बाई दिवसभर ते पाऊल शेकडो वेळा टाकते आणि आपण तिच्या शेजारून मोटारसायकल काढून निघून जातो.

इथं मला चित्रकलेच्या परीक्षेबद्दल थोडी तक्रार करू द्या. स्मरणचित्राचा पेपर तुम्हाला आठवत असेल. ‘जत्रेतील दृश्य’, ‘बसथांबा’, ‘विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायका’. त्या चित्रांतली माणसं कशी असतात? सगळी एका बाजूनं, दोन्ही पाय टेकलेले, हात अंगापासून तेवढ्याच कोनात. जत्रेत जणू कुणीतरी ‘स्टॅच्यू’ म्हटलंय. मुलांचा दोष नाही. आपण त्यांना वस्तू बघायला शिकवतो, वस्तूचं होणं बघायला शिकवत नाही. घडा कसा दिसतो हे सांगतो. भरलेला घडा कमरेवर घेताना दुसरा खांदा किती वर जातो, हे सांगत नाही.

पाहणं किती कठीण असतं त्याचा एक जुना दाखला देतो. कॅलिफोर्नियात लीलंड स्टॅनफर्ड नावाचा एक धनाढ्य गृहस्थ होता, शर्यतीचे घोडे बाळगणारा. घोडा भरधाव पळताना त्याचे चारही पाय एका वेळी जमिनीवरून सुटतात का, असा वाद होता. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकारानं १८७८ साली धावपट्टीच्या कडेला ओळीनं कॅमेरे मांडले आणि पट्टीवर दोरे ताणले. घोडा दोरे तोडत गेला आणि कॅमेरे एकामागून एक उघडत गेले. चित्रं धुतल्यावर दिसलं की चारही पाय सुटतात. पण कधी? शतकानुशतकं चित्रकारांनी पळणारा घोडा काढला होता तो पुढचे पाय पुढं आणि मागचे मागं ताणलेला, उडी मारणाऱ्या हरणासारखा. प्रत्यक्षात घोडा हवेत असतो तेव्हा चारही पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. लाखो लोकांनी घोडे पाहिले, त्यांच्यावर बसून लढाया केल्या, आणि पाय कुणाला दिसले नव्हते.

आता सांगा, रिंगणाचा घोडा आपल्याइतका कुणी पाहिला आहे? आषाढी वारीत तुकोबांची पालखी तुमच्या दोन्ही तालुक्यांतून जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं, इंदापूरला होतं. पताकावाले धावतात, तुळशीवाल्या बाया धावतात, विणेकरी धावतात आणि मग अश्व सुटतो. हजारो माणसं श्वास रोखून बघतात आणि घोडा गेल्यावर त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. भक्तीनं बघणाऱ्याला पाय मोजायचं कारण नाही. चित्र काढणाऱ्याला आहे. घोडा रिंगणात वळताना कुठल्या बाजूला कलतो? वळणावर आतला पाय किती आखूड पडतो? या प्रश्नांना भक्तीची काही आडकाठी नाही. उलट मला वाटतं, इतक्या बारकाईनं बघणं हाही नमस्काराचाच प्रकार आहे.

त्याच वाटेवर काटेवाडी. परीट समाज पालखीला धोतरांच्या पायघड्या घालतो आणि तिथं मेंढ्यांचं रिंगण होतं. ते बघताना मला हमखास एक इंग्रजी चित्रपट आठवतो, १९९४ सालचा ‘लायन किंग’. त्यात रानबैलांचा प्रचंड कळप दरीत घुसतो असा प्रसंग आहे. शेकडो जनावरं हातानं काढणं शक्य नव्हतं, म्हणून तो कळप संगणकावर धाववला. कळप असा धाववायचा कसा, हे त्याच्या काही वर्षं आधी, १९८७ साली, क्रेग रेनॉल्ड्स या संगणकतज्ज्ञानं एका निबंधात मांडलं होतं. त्याचे नियम तीनच. शेजाऱ्याला धडकू नकोस, शेजारी ज्या दिशेला जातो त्या दिशेला जा, आणि कळपापासून लांब पडू नकोस. प्रत्येकाला एवढंच सांगितलं की पाखरांचा थवा आपोआप थव्यासारखा वळतो. काटेवाडीतली मेंढी दुसरं काय करते? पुढची वळली की मागच्या वळतात, पण सगळ्या एकदम वळत नाहीत. ते वळण मागं मागं सरकत जातं आणि शेवटची मेंढी, जिला काय चाललंय हे मुळीच माहीत नाही, तीही बरोबर वळते. इथला कुठलाही धनगराचा पोरगा रेनॉल्ड्ससाहेबांना हे तीन नियम सांगू शकला असता. त्याच्याकडे संगणक नव्हता आणि त्याला कुणी विचारलं नव्हतं, एवढंच.

आणखी दोन ठिकाणं फक्त नावानिशी सांगतो. भिगवण, कुंभारगाव. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी येतात, तेव्हा उडणारे रोहित सगळे बघतात. तुम्ही उडण्याआधीचे बघा. पाण्यावर तो किती पावलं धावतो, मान केव्हा सरळ करतो, पाय केव्हा सोडतो. उडी मारण्याआधी अंग उलट्या दिशेला जातं, हा आमच्या शास्त्रातला एक पायाचा नियम आहे. आणि दुसरं, कडबनवाडीचा माळ. तिथल्या चिंकारा हरणांचा विषय मला पुढं लागणार आहे.

आता थोडं इतिहासाकडे. कारण अ‍ॅनिमेशन म्हणजे अमेरिका आणि जपान, हा समज पोरांच्याच नव्हे, पालकांच्याही डोक्यात घट्ट बसला आहे.

लुमिए बंधूंच्या माणसांनी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी चलचित्रं दाखवली. त्याच्या चार वर्षं आधी, १८९२ मध्ये, कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी ‘शांबरिक खरोलिका’ नावाचा खेळ सुरू केला होता. काचेच्या पट्ट्यांवर हातानं रंगवलेली चित्रं, मागं दिवा, पुढं भिंग आणि समोर पडदा. पण नुसती चित्रं दाखवून पटवर्धनांचं समाधान झालं नाही. चित्राचे भाग वेगवेगळ्या काचांवर रंगवून त्या एकमेकींवर सरकवायच्या, एका कंदिलातलं चित्र मंद करत दुसऱ्यातलं उजळायचं, अशा युक्त्यांनी त्यांनी पडद्यावरचे देव-दानव हलते केले. पुढं त्यांच्या मुलांनी हा खेळ गावोगाव नेला. रामायण-महाभारताच्या कथा, शेजारी निवेदन आणि संगीत. कॅमेरा नाही, रीळ नाही, वीज नाही, आणि चित्र हलतंय! मला विचाराल तर मराठी अ‍ॅनिमेशनचा जन्मदाखला कल्याणचा आहे.

मग दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ सगळ्यांना माहीत आहे, १९१३. मला आवडतो तो त्याच्या आदल्या वर्षीचा फाळके. लंडनहून कॅमेरा आणला आहे, चित्रपट काढायचा आहे, आणि पैसा उभा राहत नाही. लोकांचा विश्वासच बसत नाही. तेव्हा या माणसानं काय करावं? कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला. कॅमेरा समोर पक्का बसवला आणि महिना उलटून जाईपर्यंत रोज त्या कुंडीची चित्रं टिपत राहिला. हाती आली मिनिटभराची फिल्म. बघणाऱ्यांच्या डोळ्यांदेखत दाणा फुटतो, कोंब वर येतो, पानं उलगडतात, वेल चढते. ते पाहून सावकारांचे हात सैल झाले आणि भारतीय चित्रपटाला भांडवल मिळालं.

या सभागृहात शेतकरी बरेच आहेत. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. तुम्ही रोज बांधावर जाता. ऊस वाढला हे तुम्हाला दिसतं, पण वाढताना कुणी पाहिलाय? एकाही माणसानं पाहिलेला नाही. फाळक्यांनी ते दाखवलं. डोळ्यासमोर घडणारी पण डोळ्याला न दिसणारी गोष्ट दाखवणं, हे अ‍ॅनिमेशनचं काम, आणि आपल्याकडे त्याचा पहिला नायक होता वाटाण्याचा दाणा. त्याच सुमारास चित्रपट पाहण्याच्या आणि जागरणाच्या ताणानं फाळक्यांची दृष्टी काही काळ गेली होती, उपचारांनी परत आली. डोळे परत मिळालेला माणूस महिनाभर एका कुंडीकडे बघत बसतो, याचा मला फार हेवा वाटतो. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली: आगकाडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचं, परत सरकवायची. स्टॉप मोशन म्हणतात ते हेच. ती फिल्म आज आपल्याला बघता येत नाही. पण आगकाडीत जीव आहे असं एका त्र्यंबकच्या माणसाला वाटलं, हे नाव अजून सांगतं.

प्रभात कंपनी पुण्याला आल्यावर १९३४ मध्ये तिनं ‘जंबूकाका’ हे व्यंगचित्रपटाचं प्रकरण करून पाहिलं. पण व्यवस्थित शाळा म्हणावी अशी सोय झाली ती १९५६ मध्ये, मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागात. शिकवायला आले डिस्ने स्टुडिओचे क्लेअर वीक्स. ‘बॅम्बी’वर काम केलेला माणूस. ‘बॅम्बी’साठी डिस्नेनं स्टुडिओत जिवंत पाडसं आणून ठेवली होती, चित्रकारांनी त्यांच्याकडे बघत चित्रं काढावीत म्हणून. वीक्सनी इथल्या मुलांना हाताशी धरलं आणि १९५७ मध्ये फिल्म आली ‘द बनियन डिअर’. जातककथेतल्या हरणाची. म्हणजे पुन्हा हरीण! कडबनवाडी मी मघाशी म्हटलं ते याकरता. डिस्नेला हरीण स्टुडिओत आणावं लागलं. तुम्हाला इंदापूर तालुक्याच्या बाहेरसुद्धा जावं लागत नाही.

त्या विभागात एक तरुण होता, राम मोहन. पुढं अर्धशतकभर भारतातल्या अ‍ॅनिमेशनवर ज्यांचा हात फिरला ते हेच. मृणाल सेन यांच्या ‘भुवन शोम’मधली अ‍ॅनिमेशनची करामत त्यांची. युनिसेफसाठी केलेली ‘मीना’ त्यांची. शाळेत जायला हट्ट धरणारी ती मुलगी आणि तिचा पोपट मिठू, आज तिशी-चाळिशीत असलेल्या इथल्या बायकांना नक्की आठवत असतील. आणि दूरदर्शनच्या पिढीला आणखी एक गोष्ट आठवेल, १९७४ची ‘एक अनेक और एकता’. दिग्दर्शन विजया मुळे यांचं, अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. चिमण्या जाळ्यासकट उडून जातात ती. सात-आठ मिनिटांची फिल्म, चित्रं अगदी साधी, आणि पन्नास वर्षांनी सभागृहात नाव काढलं की चेहरे उजळतात. आत्ता उजळले, मी बघतोय.

राम मोहन यांचं सर्वांत मोठं काम मात्र रामायणाचं. युगो साको या जपानी दिग्दर्शकाबरोबर त्यांनी केलेला ‘रामायण: द लेजंड ऑफ प्रिन्स राम’. १९९३ मध्ये तो आपल्याकडे महोत्सवात दाखवला गेला. चित्रपटगृहांत मात्र धड आला नाही. टीव्हीवर ज्यांनी पाहिला त्यांनी जिवापाड जपला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये तो देशभर पडद्यावर आला, आणि लहानपणी तो बघितलेले लोक आपल्या पोरांना घेऊन गेले. रामायणाची गोष्ट कुणाला माहीत नव्हती म्हणून का?

रामायण म्हटल्यावर कऱ्हेकाठच्या एका गृहस्थांचं नाव बारामतीत न घेता मला स्टेजवरून उतरता येणार नाही. मोरोपंत. पंतांनी एकशेआठ रामायणं रचली असं सांगतात. एकच गोष्ट, एकशेआठ वेळा! आणि प्रत्येक वेळी स्वतःला नवी अट घालून. त्यांचं निरोष्ठ रामायण घ्या. ओठाला ओठ न लावता म्हणता यावं असं. म्हणजे प, फ, ब, भ, म वर्ज्य. म्हणजे रामाची कथा सांगायची आणि ‘राम’ म्हणायची सोय नाही! काही टीकाकारांनी याला शाब्दिक कसरत म्हटलं. असेलही. पण मला त्या कसरतीत आमच्या धंद्यातला माणूस दिसतो. गोष्ट माहीत आहे, शेवट माहीत आहे, रसिक समोर बसले आहेत आणि बघताहेत की हा गडी आता कसं करतो. टॉम आणि जेरीचं तरी दुसरं काय आहे? उंदीर निसटणार हे ठरलेलं. या वेळी कसा निसटेल, एवढाच प्रश्न. सगळं हातात असतं तेव्हा कारागिरी आळसावते. आगकाड्या देऊन नाचवायला सांगितलं की जागी होते.

आगकाडीवरून एक ताजं नाव. गीतांजली राव. जे.जे.च्या विद्यार्थिनी, अ‍ॅनिमेशन शिकल्या राम मोहन यांच्या स्टुडिओत. २००६ साली त्यांची ‘प्रिंटेड रेनबो’ ही पंधरा मिनिटांची फिल्म कान महोत्सवाच्या समीक्षक विभागात गेली आणि बक्षिसं घेऊन आली. मुंबईच्या एका इमारतीत एकटी राहणारी म्हातारी, तिची मांजर आणि तिनं जमवलेल्या आगपेट्या. प्रत्येक आगपेटीवरच्या चित्रात ती शिरते आणि तिथं तिला एक आख्खं रंगीत जग भेटतं. ही फिल्म त्या बाईंनी जवळजवळ एकटीनं रंगवली, एकेक फ्रेम. एका शतकाच्या एका टोकाला फाळक्यांच्या आगकाड्या आणि दुसऱ्या टोकाला ही आगपेटी. मुंबईतल्या एकाकी म्हातारीबद्दल कथा-कादंबऱ्या कमी नाहीत. पण तिचं मांजराला कुरवाळतानाचं बोट किती हळू फिरतं, हे सांगायला कुणीतरी ते बोट बारा वेळा काढावं लागतं.

आता तुमच्या मनातला खरा प्रश्न. पोट भरतं का?

खोटं बोलणार नाही. पुण्या-मुंबईतल्या, हैदराबाद-बंगळुरूतल्या स्टुडिओंत काम आहे, पण त्यातलं बरंच बाहेरच्या देशांचं आहे. गोष्ट तिकडची, पात्रं तिकडची, महत्त्वाची चित्रं, म्हणजे की-फ्रेम, तिकडे ठरलेल्या, आणि मधली भर, इन-बिटवीन, आपली मुलं घालतात. कष्टाचं काम आहे, रात्री जागून करायचं आहे, आणि त्यात ठरवण्याचा भाग थोडा. चकचकीत जाहिरात देऊन लाखांत फी घेणाऱ्या काही संस्था मुलांना दोन वर्षं सॉफ्टवेअरची बटणं दाबायला शिकवतात आणि हातात प्रमाणपत्र देतात. बटणं दरवर्षी बदलतात. फी भरण्याआधी त्या संस्थेत मुलांना चित्र काढायला लावतात का, बाहेर नेऊन माणसं बघायला लावतात का, एवढं विचारा. नाही म्हणाले तर एस.टी.नं परत या.

आणि पैसे नाहीत म्हणून अडत नाही, हेही सांगतो. २०२४ मध्ये ‘फ्लो’ नावाचा चित्रपट आला. लाटव्हिया या छोट्याशा देशातल्या गिंट्स झिल्बालोदिस या तरुणाचा. पुरात सापडलेलं एक मांजर आणि त्याच्या होडीतले बाकीचे प्राणी, आख्ख्या चित्रपटात एक शब्द नाही. तो केला ब्लेंडर नावाच्या सॉफ्टवेअरवर, जे फुकट मिळतं. कुणालाही. आज रात्री घरी जाऊन उतरवून घ्या. मार्च २०२५ मध्ये मोठमोठ्या स्टुडिओंना मागं टाकून ऑस्कर त्या मांजरानं नेलं. चित्रपट बघा आणि मांजर होडीत उडी मारतं तेवढंच दहा वेळा बघा. उडी मारण्याआधी ते अंतराचा अंदाज घेतं. कुणाच्या तरी घरचं मांजर पाहिल्याशिवाय हे सुचत नाही.

मग यंत्राचं काय? २०२५च्या मार्च-एप्रिलमध्ये सगळ्या महाराष्ट्रानं आपले फोटो जपानच्या घिबली स्टुडिओच्या धर्तीवर करून घेतले. लग्नाचे, सत्यनारायणाचे, कुणी तर आमदारासोबतचे. तुम्हीही केले असतील, हसू नका. मला त्याचा राग नाही. आलेली चित्रं गोड होती. पण सगळ्यांचे डोळे सारखे, सगळ्यांची मान सारखी, आणि आमदारसाहेब व नवरदेव यांच्या उभं राहण्यात काही फरक उरला नव्हता. यंत्राला बैल दे म्हटलं तर ते बैल देईल, भरली गाडीही देईल. आज त्याचे बैल भरल्या गाडीखाली रिकाम्या गाडीसारखे चालतात. उद्या सुधारतील, कदाचित परवा. तेव्हा चार फ्रेम वाढवायच्या की पाच, हे कोण ठरवेल? माझा अंदाज असा, की मधली भर घालणाऱ्या मुलांचं काम यंत्र सर्वांत आधी घेईल, आणि म्हणून आपल्या मुलांना फक्त भर घालायला शिकवणं हा आता धोक्याचा सौदा आहे. ठरवायला शिकवलं पाहिजे.

मराठीबद्दल एक गोष्ट बोलून टाकतो. इथली चार वर्षांची मुलं उत्तम हिंदी बोलतात, आणि ती त्यांना ना शाळेनं शिकवली ना शेजाऱ्यांनी. डोरेमॉननं आणि शिनचॅननं शिकवली. मराठीत २०१८ मध्ये ‘प्रभो शिवाजी राजा’ आला, हे चांगलंच झालं, पण पोराला सकाळी दात घासताना बघायला मराठीत रोजचं काय आहे? महाराजांचे चित्रपट होतीलच, त्यांची मला काळजी नाही. मला हवी आहे एखादी दहा मिनिटांची फिल्म: निमगाव केतकीच्या एखाद्या पोराची शेळी हरवते, एवढीच गोष्ट. शेळी शेळीसारखी उड्या मारणारी, पोरगं आपल्या बोलीत आरडाओरडा करणारं. आयोजकांशी माझं बोलणं झालं आहे. या दोन तालुक्यांतल्या शाळांमधल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी तयारी दाखवली तर उन्हाळ्याच्या सुट्टीत मी इथं येऊन शिकवायला तयार आहे. सामान फार लागत नाही. एक मोबाइल, तो हलू नये म्हणून एक तिवई, खिडकीतला उजेड, आणि आगकाड्या चालतील.

आता प्रश्नोत्तरं. अर्धा तास आहे, पण आधी मुलांनी विचारायचं. मोठ्यांचे प्रश्न फी आणि पगार यांचे असतात, त्यांची उत्तरं बाहेर चहाला उभे असताना देईन. हो, तू, निळ्या शर्टातली, विचार.